प्रतोद म्हणजे चाबूक का?

प्रश्न असा आलाय: विधानसभेच्या बातम्यांत 'प्रतोद' हा शब्द सारखा कानावर पडतो, मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाचे आमदार गोळा करणाऱ्या आणि त्यांना पक्षाचा आदेश देणाऱ्या माणसासाठी. शब्दकोश उघडला तर अर्थ 'चाबूक' असा दिलेला असतो. मग माणसाला चाबूक का म्हणायचं? हा शब्द आला कुठून? आणि आसूड, कोरडा, चाबूक हे आपले रोजचे शब्द असताना नेमका हाच का?

आधी थोडक्यात सांगते. 'चाबूक' हा अर्थ चुकीचा नाही, पण तो या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. पहिला अर्थ पराणी, म्हणजे जनावराला पुढे हाकण्यासाठी टोचायची काठी. चाबूक अंगावर पडतो, पराणी अंगाला टोचते. एवढा फरक ध्यानात आला की शब्दाचा पुढचा प्रवास आपोआप उलगडतो. भाषांतर आणि मुद्रितशोधनाच्या कामात मला पंचवीस वर्षं झाली. कायद्याचा आणि विधिमंडळाचा मजकूर त्यात भरपूर आला आणि या एका शब्दापाशी मी फार वेळा लाल खूण केली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रतोद म्हणजे प्र अधिक तोद, आणि तोद आला 'तुद्' या धातूपासून. संस्कृत धातुपाठात धातूंचे दहा गण आहेत. त्यातला सहावा गण याच धातूपासून सुरू होतो, म्हणून त्याचं नाव तुदादि. धातुपाठ तुद् चा अर्थ 'व्यथा देणे' असा सांगतो. ती व्यथा कुठल्या प्रकारची, हे त्याच धातूचे इतर शब्द सांगतात. आयुर्वेदात वाताच्या दुखण्याचं वर्णन करताना 'तोद' येतो, तो सुई टोचल्यासारख्या वेदनेसाठी. काळजाला झोंबणाऱ्या बोलण्याला जुने लेखक 'अरुंतुद' म्हणत. अरुस् म्हणजे जखम, तेव्हा अरुंतुद म्हणजे जखमेवरच टोचणारं. राहूला 'विधुंतुद' म्हणतात, म्हणजे चंद्राला टोचणारा. यात फटकावणं कुठेच नाही, सगळीकडे टोचणंच आहे.

याच धातूचा आणखी एक शब्द पुष्कळांना पाठ असतो, पण ओळखीचा नसतो. गीतेच्या ध्यानश्लोकांत कृष्णाला 'तोत्रवेत्रैकपाणये' म्हटलं आहे. तोत्र म्हणजे टोचणी आणि वेत्र म्हणजे वेत, ते ज्याच्या एका हातात आहेत तो. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, प्राजन, तोदन, तोत्र हे शब्द एकापाठोपाठ येतात, आणि ते वैश्यवर्गात, शेतीच्या अवजारांच्या ओळीत. लगेच पुढचा शब्द खनित्र, म्हणजे जमीन खणायचं अवजार. अमराच्या लेखी ही गाडीवानाची आणि नांगऱ्याची वस्तू होती.

पराणी आता फारशी कुणी पाहिलेली नसते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगते. माझ्या आजोळी ती गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. बोटाएवढ्या जाडीचा कळक, धरायच्या जागी हात लागून लागून गुळगुळीत झालेला, आणि टोकाला आर, म्हणजे खिळ्यासारखं आखूड लोखंडी टोक. आजोबा ती सहसा टोचत नसत. टोक बैलाच्या पुठ्ठ्याजवळ नुसतं नेलं तरी बैलाची कातडी थरथरायची आणि तो पाऊल उचलायचा. आसूडही घरात होता, पण तो गाडी जुंपली की. नांगराला पराणी. या दोन वस्तू एकाच कामाच्या आहेत असं त्या घरात कुणी मानत नव्हतं.

पुढे पाली वाचायला लागले तेव्हा हेच चित्र अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, सापडलं आणि मी पुस्तक तसंच हातात धरून बसले. पालीत प्रतोदचा 'पतोद' होतो. तिथे चार जातिवंत घोड्यांचा दृष्टांत आहे. पहिला घोडा पतोदाची नुसती सावली दिसताच सावध होतो. दुसऱ्याच्या केसांपर्यंत टोक पोचावं लागतं, तिसऱ्याच्या कातडीपर्यंत, चौथ्याच्या थेट हाडापर्यंत. माणसंही अशीच चार तऱ्हांची असतात, असं पुढे सांगितलं आहे. दूरच्या गावी कुणी दुःखात आहे किंवा मेलं आहे असं नुसतं ऐकून एकाला जाग येते. दुसऱ्याला ते डोळ्यांनी पाहावं लागतं, तिसऱ्याला ते स्वतःच्या नातलगात घडावं लागतं, आणि चौथ्याला जाग येते ती स्वतःच्या शरीराला वेदना झाल्यावरच. आपल्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं म्हणजे केस, कातडी आणि हाड या तिन्ही ठिकाणी पालीत 'वेध' हा शब्द आहे. चाबकानं वेध होत नाही, तो टोकदार वस्तूनंच होतो. पतोद म्हणजे टोचणी, याला यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

संस्कृतात शब्द याहून जुना आहे. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याच्या रथाचं वर्णन आहे. त्या रथाचा सारथी वारा आहे आणि त्याचा प्रतोद वावटळ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वरच्या वर्णाच्या पुरुषाशी लग्न होताना वधूनं हातात काय धरावं याचा नियम आहे. क्षत्रिय मुलीनं बाण धरावा आणि वैश्य मुलीनं प्रतोद. नियम उघड उघड उच्चनीचतेचा आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. पण शब्दाचा माग काढणाऱ्याला त्यातून एक गोष्ट पक्की कळते. बाण ही जशी लढणाऱ्यांची खूण, तसा प्रतोद ही गुरं राखणाऱ्यांची आणि शेती करणाऱ्यांची खूण होती.

मग चाबूक हा अर्थ कुठून आला? सारथ्याच्या हातातून. भीष्मपर्वात युद्धाच्या नवव्या दिवशी अर्जुन भीष्मांशी हात राखून लढतोय हे पाहून कृष्ण घोडे सोडून रथाखाली उडी घेतो आणि भीष्मांवर धावून जातो. त्या वेळी त्याच्या हातात शस्त्र नाही, फक्त प्रतोद आहे. महाभारत त्याला तिथे 'प्रतोदपाणि' म्हणतं. तिसऱ्या दिवशी कृष्ण चक्र घेऊन धावला ती कथा कीर्तनातून घरोघरी पोचली. ही दुसरी तितकी पोचली नाही, आणि मला मात्र तीच जास्त हलवते, कारण त्या क्षणी तो निव्वळ सारथी आहे, हाताशी जे असतं ते घेऊन धावलेला. मागून अर्जुन धावत येतो आणि त्याला अडवतो. रथाचे घोडे हाकायला जी वस्तू लागते तीच हातात आहे, म्हणून भाषांतर करणारे इथे 'चाबूक' लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण खऱ्या वादीच्या चाबकासाठी संस्कृतात वेगळा शब्द पहिल्यापासून आहे, तो 'कशा'. ऋग्वेदाच्या पर्जन्यसूक्तात पाऊस घेऊन येणारा पर्जन्य कशेनं घोडे पिटाळणाऱ्या रथीसारखा येतो. अश्विनीकुमारांची कशा तर मधानं भरलेली आहे. अथर्ववेदात 'मधुकशा' असं एक सूक्तच आहे. कशाघात हा आपल्या ग्रांथिक मराठीतला शब्द त्याच कशेचा.

मराठीत प्रतोद हा शब्द विधिमंडळानं आणला असा एक समज आहे, तो खरा नाही. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. त्याच वर्षी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून निघणाऱ्या एका पत्रावरही राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्या पत्राचं नाव होतं 'प्रतोद'. त्याच्या चौदा वर्षं आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला होता. एकानं नावासाठी संस्कृतातली टोचणी उचलली, दुसऱ्यानं गाडीवानाच्या हातातला असूड. दोन्ही नावं इंग्रजांच्या काळात लिहिणाऱ्यांना आपलं लिखाण समाजाला कसं लागावं असं वाटत होतं, ते सांगतात. फुल्यांचं नाव मला जास्त धारदार वाटतं. ज्याच्या हातातला असूड आयुष्यभर बैलांवरच चालला, त्या शेतकऱ्यानं तो कुणावर उगारायचा हे त्या नावातच आहे.

आता विधिमंडळाकडे वळू. इंग्रजी 'व्हिप' हा त्या अर्थानं मुळात चाबूक नव्हता. शब्द होता 'व्हिपर-इन'. कोल्ह्याच्या शिकारीत मुख्य शिकाऱ्याचा एक मदतनीस असे. वासाचा माग सोडून भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या आवाजानं पुन्हा घोळक्यात वळवणं हे त्याचं काम. अठराव्या शतकात हा शब्द ब्रिटिश संसदेत आला, कारण मतदानाच्या वेळी आपल्या बाजूचे सदस्य गोळा करून आणणाऱ्याचं काम अगदी तसंच होतं. पुढे 'इन' गळालं आणि नुसता व्हिप उरला. त्यानंतर तोच शब्द त्या माणसानं काढलेल्या सूचनापत्रालाही लागू झाला. सूचना जितकी निकडीची तितक्या रेघा तिच्याखाली मारायच्या, म्हणून तीन रेघांचा व्हिप सर्वांत कडक.

यात वळवण्याचं काम आहे, बाहेर गेलेल्याला आत आणायचं. मराठीनं शब्द निवडला तो मात्र पुढे ढकलण्याचा. प्रतोदातला 'प्र' हेच सांगतो. प्रगती, प्रस्थान, प्रवाह यांतला तोच हा 'प्र'. म्हणून मी याला शब्दशः भाषांतर मानत नाही. चित्रच बदललं आहे. कुत्र्यांचा घोळका जाऊन जुंपलेला बैल आला. पद मिळालेल्या माणसाला हे चित्र अधिक मानाचं वाटेल का, हे मी सांगत नाही. पण ते आपल्या मातीतलं आहे एवढं खरं.

शेजारच्या भाषांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. हिंदीत व्हिपला 'सचेतक' म्हणतात, म्हणजे सावध करणारा. फार सौम्य शब्द. गुजरातीत 'दंडक', तो पुन्हा काठीकडे जातो. आणि तमिळमध्ये? तिथे त्याला 'कोरडा' म्हणतात. तमिळ वर्तमानपत्रात 'अरसु कोरडा' असं वाचलंत तर दचकू नका, तो सरकारी पक्षाचा प्रतोद आहे. तेलुगूतही चाबकाला कोरडाच म्हणतात. म्हणजे जो शब्द आपल्या घरात होता तो आपण विधिमंडळात नेला नाही आणि तमिळनं नेला.

हा कोरडा आपल्याकडे 'शुष्क' या अर्थाच्या कोरड्याशी उच्चारात तंतोतंत जुळतो, आणि त्यावरून 'वाळक्या कातड्याचा म्हणून कोरडा' अशी व्युत्पत्ती हमखास सांगितली जाते. ती मानू नका. पंजाबीत चाबकाला कोरडा म्हणतात, गुजरातीत कोरडो, हिंदीत कोडा. पंजाबी आणि हिंदी माणूस वाळलेल्या वस्तूला सुक्का किंवा सूखा म्हणतो, तरी त्याचा चाबूक आपल्या कोरड्याचाच भाऊबंद आहे. तेव्हा या शब्दाला वाळण्याशी जोडायचं कारण उरत नाही, मराठीत दोन शब्द एका रूपात येऊन भेटले आहेत इतकंच. कोरड्याचं क्रियापद मात्र नीट पाहा. कोरडा 'मारतात' त्यापेक्षा 'ओढतात'. वादी अंगावर पडून सरकत जाते आणि मागे वळ उठतो, त्याचं ते वर्णन आहे. पोतराज कडकलक्ष्मी घेऊन दारात येतो आणि स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडे ओढून घेतो, तेव्हा ही ओढ डोळ्यांना दिसते. व्यवस्थेवर, समाजावर कोरडे ओढले, असं आपण टीकेबद्दल लिहितो तेही तिथूनच आलं.

आसूड हा गाडीचा आणि शिवाराचा शब्द. वेताचा किंवा कळकाचा दांडा आणि पुढे निमुळती होत गेलेली चामड्याची वादी. आसूड कडाडतो, पराणी कडाडत नाही. त्या कडाडण्याचं कारण विज्ञानानं शोधलेलं आहे. मनगटाचा झटका जाड बाजूकडून बारीक टोकाकडे जाताना वेग वाढत जातो आणि शेवटी वादीचं टोक आवाजाच्या वेगापेक्षाही पुढे जातं. आपल्याला ऐकू येतो तो हवेतच झालेला छोटा स्फोट. त्यामुळे चांगला गाडीवान बैलाला न शिवता नुसत्या आवाजावर गाडी पळवू शकतो.

चाबूक फारसीतून आला. तिथे 'चाबुक' चा आधीचा अर्थ चपळ, चलाख असा आहे. चपळ करणारी वस्तू म्हणून पुढे तो चाबूक झाला. मराठीत घोडे शिकवणाऱ्याला 'चाबूकस्वार' म्हणत, आणि फारसीतल्या त्याच शब्दाचा अर्थ चपळ स्वार. आज आपण ऐकतो तेव्हा हातात चाबूक असलेला स्वार डोळ्यांसमोर येतो, पण तो मुळात चलाख स्वारच आहे. हा शब्द हिंदुस्थानातून मलायीत गेला, तिथून डचांनी उचलला आणि दक्षिण आफ्रिकेत नेला. तिथे पाणघोड्याच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या जाड चाबकाला 'शॅम्बॉक' म्हणतात, तो आपला चाबूकच. हंटर इंग्रजीतून आला, शिकारीच्या चाबकावरून, आणि तो साहेबाच्या हातातच शोभतो. एवढ्यावर त्याला सोडून देते.

फटका हा वेगळ्या जातीचा शब्द, कारण तो वस्तूचं नाव नाही, आवाजाचं आहे. वस्तू कुठलीही असो, बसतो तो फटका. म्हणूनच इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानं दिलेल्या शिक्षेला मराठीत 'फटक्यांची शिक्षा' म्हणतात. ती बहुधा वेताच्या छडीनं दिली जाई, चाबकानं नव्हे. त्यासाठी १८६४ चा आणि मग १९०९ चा कायदा होता, स्वतंत्र भारतात १९५५ मध्ये तो रद्द झाला. आणि अनंतफंदींसारख्या शाहिरांनी उपदेशाच्या कवितेला 'फटका' हेच नाव दिलं, कानाखाली बसावा तसा उपदेश म्हणून.

आता त्या लाल खुणेबद्दल. एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात काम करताना माझ्यापुढे मजकूर आला: 'पक्षाने आमदारांना प्रतोद बजावला.' लिहिणारा हुशार होता. त्यानं इंग्रजी वाक्यातला व्हिप काढून तिथे प्रतोद ठेवला होता, बस. पण इंग्रजीत माणूस आणि सूचनापत्र या दोघांनाही व्हिप म्हणतात, मराठीत दोघांना दोन शब्द आहेत. प्रतोद हा माणूस आहे, तो नेमला जातो. तो बजावतो तो पक्षादेश. इंग्रजीला जे वेगळं करता आलं नाही ते मराठीनं स्वच्छ वेगळं करून ठेवलं आहे, आणि आपण ते पुन्हा एकत्र कालवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'व्हिप बजावला' असं लिहिलं तरी चालेल, ते रुळलं आहे. 'प्रतोद बजावला' मात्र नको.

हा भेद शब्दांपुरता नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. तिच्यात व्हिप हा शब्दच नाही. सदस्य ज्या राजकीय पक्षाचा आहे त्या पक्षानं, किंवा पक्षानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं, दिलेला आदेश असं तिथे म्हटलं आहे. आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे कायद्याचं सगळं वजन पक्षादेशावर आहे. मग तो देणारा प्रतोद खरा कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर उभा राहिला, कारण दोन गटांचे दोन प्रतोद होते. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाला आहे, विधिमंडळ पक्षाला, म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाला, नाही. त्या वर्षभरात हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला, आणि बहुधा तुमचा प्रश्नही तिथूनच निघाला असावा.

वापरताना एवढं सांभाळा. 'पक्षप्रतोद' जोडून लिहायचा, 'मुख्य प्रतोद' तोडून. शब्द पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनात रूप बदलत नाही: एक प्रतोद, दोन प्रतोद, प्रतोदांनी. पदावर स्त्री असली तर 'प्रतोदा' किंवा 'प्रतोदिनी' असलं काही करायला जाऊ नका. शब्द तसाच ठेवायचा आणि क्रियापद त्या व्यक्तीप्रमाणे चालवायचं: 'मुख्य प्रतोद म्हणाल्या.'